बाटलीतल्या पाच गोळ्या

"आबा, तुमच्या शिरा ताठ झाल्या आहेत," असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हातारा खूश झाला.

पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. सत्तरी गाठलेली. ओसरीवर बसले होते ते आणखी सरळ बसले आणि आत तोंड करून ओरडले, "आगं ऐकलंस का? डाक्टरीण म्हणती, शिरा अजून ताठ हायेत आमच्या!"

आतून आक्कांचा, म्हणजे त्यांच्या कारभारणीचा, आवाज आला, "शिरा ताठ हायेत, मग गुडघं कुठं गेलं?"

मी डॉक्टरीण नव्हते. सातवीत शाळा सुटलेली बाई होते. पण त्या क्षणी मला घाम फुटला तो त्यामुळे नाही. आमच्या डॉक्टरबाईंनी मला घोकून घेतलं होतं, ‘वयाप्रमाणे रक्तवाहिन्या ताठ होतात, हे सोप्या शब्दांत समजावून सांग.’ मी सोप्या शब्दांत सांगितलं, आणि या गावात ताठ असणं म्हणजे मोठी शाबासकी निघाली. मान ताठ, पाठ ताठ, शब्द ताठ. मग गोळ्या घ्या आणि शिरा मऊ करा, असं कुठल्या तोंडानं सांगणार? सांगितलं, तर सुभेदार आबा म्हणाले, "म्हंजी सरकारनं आमाला ढिलं करायला पाठवलंय व्हय तुला?"

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं, भाताचा मुलूख. लग्न झालं तेव्हा ह्यांना सांगलीकडे साखर कारखान्यात फिटरची नोकरी लागलेली. दोन रात्री गाडीत काढून इथे आले. ज्वारीची भाकरी थापता येईना, आणि तोंडातला ‘जी’ जाईना. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलताना ‘हो जी’, ‘नाही जी’ म्हणतात. इथे बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का एकदा म्हणाल्या, "पोरी, तू ‘जी’ म्हणलीस की मागनं ढोलकी वाजंल असं वाटतंय बघ मला."

घरी बसून राहवेना म्हणून सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात रोजंदारीवर आया म्हणून लागले. मला एक वाईट खोड आहे. जीव घाबरला की मी मोजते. पायऱ्या मोजते, खिडकीचे गज मोजते. नव्या जागी, नव्या बोलीत, जीव घाबरलेला असायचाच. तर वॉर्डात पेशंटच्या उशाशी राहिलेल्या गोळ्या मोजायची. एक दिवस डॉक्टरबाई सिस्टरना विचारत होत्या, सहा नंबरनं औषध घेतलं का. माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन शिल्लक आहेत जी. काल चार होत्या."

डॉक्टरबाई वळल्या. पन्नाशीच्या, उंच, कधी हसताना न दिसलेल्या. "तुला कुणी मोजायला सांगितलं?"

"कुणी नाही जी. दिसल्या म्हणून मोजल्या."

"लिहिता येतं?"

"सातवीत शाळा सुटली."

"शाळा विचारली नाही. लिहिता येतं का, ते विचारलं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या तपासणीत आले. घरी पत्र लिहिलं की मी इथे शिरांच्या तपासणीत आहे, तर बाबांनी घाबरून उलट टपाली विचारलं, तुला शिरांचं काय दुखणं झालं, आम्ही येऊ का.

तपासणी अशी होती. माणूस तरुण असतो तेव्हा हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या रबरासारख्या असतात, रक्ताचा धक्का आला की फुगतात, मग आवळतात. वय झालं की त्या कडक होत जातात, आणि हृदयाला दरवेळी जास्त जोर लावावा लागतो. डॉक्टरबाईंचं म्हणणं, रोजच्या जेवणाला काही जीवनसत्त्वांची जोड दिली तर हा कडकपणा लांबवता येईल, कदाचित थोडा परतही फिरवता येईल. म्हणणं होतं. खरं की खोटं, ते बघायचं होतं. त्यासाठी आष्ट्याजवळच्या एका गावातले साठीच्या पुढचे चाळीस पुरुष घ्यायचे, आठ महिने रोज दोन गोळ्या द्यायच्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच, पण कोरी. बाटल्यांची झाकणं दोन रंगांची, पांढरी आणि निळी. कोणत्या झाकणाखाली काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरबाईंनाही नव्हतं. ते लिहिलेला लाखबंद लिफाफा त्यांच्या साताऱ्यातल्या निवृत्त सरांकडे ठेवला होता. "आपल्याला ठाऊक असलं की आपला हात, आपला डोळा, सगळं लबाडी करतं," असं त्या म्हणायच्या. मला हे फार आवडलं होतं. मोठी माणसंसुद्धा स्वतःवर कुलूप घालून घेतात, हे मी पहिल्यांदा बघत होते.

पण चाळीस माणसं मिळाली पाहिजेत ना! पहिल्या आठवड्यात ‘ताठ’ शब्दानं सगळं बुडवलं. नऊ नावं. मी रोज रडकुंडीला येऊन एस.टी.नं परत. मग एक दिवस दूध संस्थेच्या ओट्यावर सुभेदार आबा आणि वरच्या आळीतले पैलवान बसले होते. हे पैलवान कधीकाळी मैदानं मारलेले, आता कान तेवढे मोडलेले राहिलेले. दोघे एकमेकांशिवाय चहा पीत नसत आणि एकमेकांबद्दल चांगला शब्द बोलत नसत. मी धीर करून विचारलं, "आबा, मोटेची चामड्याची सोंड तेल न पाजता ठेवली तर काय होतं?"

"वाळती. खडंग हुती. वाकवाय गेलं की तडाकती."

"शिरांचं तसंच होतं जी. त्यांना तेल पाजायचं आहे."

पैलवानांनी मान पुढे काढली. "मग ह्या गोळ्या म्हंजी औषध न्हाई?"

"औषध नाही. जेवणाला जोड आहे. म्हणजे…" पूरक आहार हा शब्द जिभेवर होता, पण पैलवानांचा मोडलेला कान बघून दुसराच बाहेर आला. "खुराक आहे."

"आसं म्हण की मग!" पैलवानांनी मांडीवर हात मारला. "खुराकाला कोण न्हाई म्हणतंय? लिव्ह माझं नाव."

"निम्म्यांची गोळी कोरी असणार, हेही सांगते."

"कोरी ह्याला दे," आबा पैलवानांकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्यानं जन्मभर लोकांचं बदाम खाल्ल्यात."

चार दिवसांत चाळीस झाले. आणि मजा अशी की चाळीसच्या चाळीस जणांची खात्री होती, आपली गोळी खरी आणि शेजाऱ्याची कोरी.

यंत्राचं सांगायला हवं. डॉक्टरबाईंनी सांगलीतल्या पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराकडून ते जमवून घेतलं होतं. दोन रबरी वाट्या, एक मानेवर, एक मनगटावर. कागद सरकत जायचा आणि दोन लेखण्या दोन लाटा काढायच्या. मानेची लाट आधी, मनगटाची मागून. दोन्हींमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. शीर जितकी कडक, तितकी लाट लवकर पोचते, म्हणजे अंतर कमी. पहिल्या मोजणीला चाळीस जणांना एस.टी.नं दवाखान्यात आणलं. पैलवानांची लाट सगळ्यांत लवकर पोचली. हे वाईट, असं यंत्र चालवणारा तंत्रज्ञ सांगतोय तोवर पैलवान उठून बसले. "पयला नंबर आला न्हवं? आबा, तुजी कितीवर हाय रं?" आबांनी दुसऱ्यांदा मोजून घ्यायचा हट्ट धरला. पळायला सोडलं असतं तर पळालेही असते.

त्या दिवशी डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या, खिडकीकडे तोंड करून. मी तर हवेत होते. पट्टी माझ्या हातात होती! सातवीतनं बसवलेल्या पोरीच्या हातात म्हाताऱ्यांच्या काळजाची लाट मोजायची पट्टी. ह्यांना संध्याकाळी इतकं सांगितलं की ते म्हणाले, "आता जेवू दे."

माझं काम दर महिन्याचं. ठरल्या दिवशी गावात जायचं, नवी बाटली द्यायची, जुनी घ्यायची, जुनीत किती गोळ्या उरल्या ते मोजून वहीत लिहायचं. एका बाटलीत साठ. जो खूप गोळ्या उरवील, त्याला शेवटी हिशेबातून वगळायचं, कारण त्यानं खाल्ल्याच नाहीत. पहिल्या महिन्यात आकडे माणसांसारखे होते. कुणाच्या दोन उरलेल्या, कुणाच्या अकरा, कुणाची बाटली साफ. एकानं सगळ्या एकाच आठवड्यात संपवल्या होत्या. म्हणाला, बरं वाटत हुतं म्हणून. डॉक्टरबाईंनी त्याला बोलावून छाती-पोट सगळं तपासलं, आणि त्याच्या सुनेला सांगितलं की बाटली आता तुझ्या ताब्यात.

दुसऱ्या महिन्यात आक्कांनी मला जेवायला बसवलं. भाकरी, खर्डा, ताक. खर्ड्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आलं ते थांबेना. खर्डा हे निमित्त होतं, हे आक्कांना कळलं.

"म्हायेर लांब हाय व्हय गं?"

"दोन रात्रींची गाडी आहे जी."

"कवा गेल्तीस शेवटची?"

"लग्न झाल्यापासून नाहीच गेले. सव्वादोन वर्षं झाली."

त्यांनी ताटात आणखी एक भाकरी टाकली. दुपारपर्यंत ती गोष्ट आळीभर झाली असणार, कारण त्यानंतर ओसरीवरून म्हातारे हटले आणि बाटल्या बायकांच्या हातून येऊ लागल्या. "ही घे गं बाई. बस. घोटभर च्या घे." आणि बाटलीत शेंगदाणे! एकीत गूळ, दुसरीत भाजलेले फुटाणे. गुळाच्या बाटलीत एक गोळी चिकटून बसलेली आणि तिला मुंग्या. डॉक्टरबाईंनी ती बाटली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या महिन्यात मी दारोदार जाऊन बजावलं. "पाया पडते, बाटलीत गोळीशिवाय काहीसुद्धा घालू नका. मोजताना घोळ होतो. माझी नोकरी जाईल जी." बायकांनी माना हलवल्या. कुणीच वाद घातला नाही. मला केवढं हायसं वाटलं.

त्याच्या पुढच्या महिन्यात पाच आले.

आबांच्या बाटलीत पाच गोळ्या. शेजारी पाच. पलीकडे पाच. मी ओसरीवर बसून तीन-तीनदा मोजल्या. चाळिसांतल्या तीसेक घरांत पाच. पुढच्या महिन्यातही पाच. माझ्यासारख्या मोजणाऱ्या बाईला हे दिसलं नसेल असं म्हणता येणार नाही. दिसलं होतं. पण विचारलं नाही. मला मोजायला ठेवलंय, विचारायला नाही, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे भीती वाटत होती. विचारलं तर काहीतरी मोडेल, आणि हे सगळं, वही, पट्टी, ओसऱ्या, चहा, माझ्या हातून जाईल.

डॉक्टरबाईंनी वही मागवली. पान उलटलं, परत मागे आल्या, परत उलटलं. मग बोट एका ओळीवर ठेवून खाली-खाली नेत गेल्या.

"पाच. पाच. पाच. पाच." बोट थांबलं. "तू गावात जातेस, की घरी बसून लिहितेस?"

मी त्यांच्या टेबलाचे खण मोजायला लागले.

"सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला पाच हा आकडा सोपा वाटत असेल. पण आठ महिन्यांचं काम आहे हे, आणि यातला सहावा संपत आला. ही वही खोटी असेल तर चाळीस माणसांचा काही उपयोग नाही. सगळं केराच्या टोपलीत."

"मी मोजल्या आहेत जी," एवढंच म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

"पुढच्या बाटल्या कधी?"

"परवा."

"मी येते. गावात कुणाला सांगायचं नाही."

ते दोन दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजत होते आणि दरवेळी वेगळ्या येत होत्या. ह्यांना वाटलं, ताप आहे.

दवाखान्याची जीप बिघडलेली, म्हणून आम्ही सकाळच्या एस.टी.नं निघालो. डॉक्टरबाई खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर वही. मी वही उघडून तेच पान बघत होते, खरोखर कुठे चुकले का, ते शोधत. दोन्ही महिन्यांत पाच न उरलेली घरं थोडीच होती. एकात शून्य, एकात सात, एकात शून्य, पैलवानांच्या तीन, मग चार… मी ती घरं एकेक करून डोळ्यांसमोर आणली. पैलवान, विधुर. त्या पलीकडचे तात्या, विधुर. विठोबाच्या देवळामागचे दोघे भाऊ, एकाचं लग्नच झालेलं नाही, एकाची बायको लेकीकडे पुण्याला.

"बाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या बाकावरचा माणूस वळला. "बाई, ज्या घरात बाई नाही, त्या घरात पाच नाहीत!"

त्यांनी वही माझ्या हातून घेतली. "दाखव."

मी एकेक दाखवत गेले. त्या बोट ठेवत गेल्या. मधे एक घर चुकलं, तिथे बाई होती आणि तरी शून्य होतं. "हिचं काय?" "ही सून नवीन आहे जी, मुंबईकडची." डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी हलली. गेली नाही, हलली. "मग त्या बायका काय करतात?"

"ते माहीत नाही जी."

"जी जी करू नकोस," त्या म्हणाल्या, पण आवाज दोन दिवसांपूर्वीचा नव्हता. आता त्याही बाकाच्या कडेवर बसल्या होत्या.

उतरल्याबरोबर त्या माझ्या पुढे निघाल्या. मला मागेच उभं राहायला सांगितलं, मी कुणाला खूण करू नये म्हणून. पहिलं घर आबांचं. आक्का दारात बाटली घेऊन उभ्याच होत्या. ही अनोळखी उंच बाई बघून त्यांनी पदर सारखा केला. डॉक्टरबाईंनी बाटली घेतली, हातावर उपडी केली.

पाच.

"आजी, ह्या पाच गोळ्या का उरल्या?"

"उरल्या न्हाईत. ठिवल्यात."

"ठेवल्या? कशासाठी?"

आक्कांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं, की शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये का. "आवं, लेकीच्या हातात रिकामी बाटली कशी द्यायची? म्हायेर इतक्या लांब तिचं. दोन वर्सांत कुणी ओटी भरली न्हाई तिची. आमी शेंगा घातल्या, तर म्हणली नगं. गूळ घातला, तर म्हणली मुंग्या. म्हणली, गोळीबिगर काय घालू नगा. मग म्हणलं, गोळ्याच ठिवू. पाच ठिवल्या. शकुनाच्या."

"आणि म्हाताऱ्यांच्या पाच गोळ्या चुकल्या त्याचं काय?"

"त्यास्नी काय हुतंय? पंचावन खात्यात की!"

मागून आबा ओरडले, "म्हंजी माझ्या खुराकातनं काढल्यास तू?"

"गप बसा. चाळीस वर्सं तुमच्या ताटातनंच काढून पोरं वाढवली."

डॉक्टरबाई ओसरीच्या पायरीवर मटकन बसल्या आणि हसायला लागल्या. खिडकीकडे तोंड न करता. डोळे पुसत होत्या, हसत होत्या, मुठीत त्या पाच गोळ्या घट्ट धरून. मी फाटकाशी उभी होते. मला हसू येत नव्हतं. या मुलखात मला कुणी विचारत नाही, असं मी अडीच वर्षं मनात धरून बसले होते, आणि इकडे तीस घरांत तीस बायका दर महिन्याला नवऱ्याच्या बाटलीतून माझ्यासाठी पाच-पाच काढून ठेवत होत्या.

त्या दिवशी सगळी घरं फिरलो. डॉक्टरबाईंना आता नाद लागला होता. प्रत्येक दारात त्या आधी विचारायच्या, "बाई आहे का घरात?" आणि बाटली उपडी करायच्या आधी म्हणायच्या, "पाच!" बरोबर आलं की लहान मुलीसारख्या माझ्याकडे बघायच्या. आणि निघताना आक्कांशी तह केला. बायका पाच ठेवणारच, तर बाटलीत पासष्ट भरायच्या. साठ म्हाताऱ्याच्या, पाच लेकीच्या. "मग ठिवू न्हवं?" आक्कांनी खात्री करून घेतली. "ठेवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आजवर ज्यांनी पाच कमी खाल्ल्या ते दोन्ही झाकणांचे होते, आणि साठात पाच म्हणजे थोड्याच, म्हणून कुणाला वगळायची गरज नव्हती. तेवढं त्यांनी वहीच्या समासात स्वतःच्या हातानं लिहून खाली सही केली.

परतताना आष्ट्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत त्या म्हणाल्या, "विचारलं ते बरोबर केलं. वही संशयास्पद होती, विचारायलाच हवं होतं. पण तुझी शाळा मधे आणली, ते चुकलं."

"चहा घेता का जी?" मी विचारलं.

"घेऊ जी," त्या म्हणाल्या.

पुढचे दोन महिने वाऱ्यासारखे गेले. शेवटच्या मोजणीला सांगलीत पुन्हा तोच गोंधळ, पैलवान-आबांची पुन्हा शर्यत. मी पट्टी धरली, आकडे लिहिले, डॉक्टरबाईंनी ते दुसऱ्यांदा स्वतः मोजले. दोघींचे जुळले. मग एका रविवारी आम्ही दोघी साताऱ्याला गेलो, सरांकडे.

सर ऐंशीच्या घरातले, डोळ्यांना कमी दिसणारे. लिफाफा देवघरातल्या फडताळात ठेवलेला. लाख फोडायला चाकू-कात्री काही सापडेना, तर त्यांनी तो माझ्याकडे दिला. "तुमची बोटं तरुण आहेत, फोडा." मी इतक्या घाईनं नख घातलं की लाखेचा तुकडा उडून त्यांच्या चहात पडला. आत एकच ओळ. मी ती मोठ्यानं वाचली. पांढरं झाकण खरं. निळं झाकण कोरं.

डॉक्टरबाईंनी दोन याद्या शेजारी ठेवल्या. पांढऱ्यांची अंतरं, निळ्यांची अंतरं. बेरजा आधीच करून ठेवल्या होत्या, फक्त कुठली खऱ्या गोळीची, ते ठाऊक नव्हतं. आता होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. मला समजत होतं. फरक नव्हता. खरी गोळी खाल्लेल्या आणि कोरी खाल्लेल्या म्हाताऱ्यांच्या शिरा तिथल्या तिथेच होत्या.

माझे डोळे भरून आले. आठ महिने! सरांनी विचारलं, "गोळ्यांची मोजणी कुणाची?"

"हिची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी जाऊन तपासली आहे. पक्की आहे."

"मग उत्तर पक्कं आहे," सर म्हणाले, आणि चहातला लाखेचा तुकडा चमच्यानं काढू लागले.

"अगं, रडतेस काय?" डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता हे खरं, पण डोळे वेगळेच चमकत होते. "या गोळीनं एवढ्या दिवसांत काही होत नाही, हे काल कुणाला सांगता आलं असतं? आज आपल्याला सांगता येतं. मात्रा कमी पडली असेल, दिवस कमी पडले असतील, गोळीच चुकीची असेल. आता पुढचा प्रश्न विचारता येतो." परतीच्या वाटेवर कऱ्हाड येईपर्यंत त्या पुढचा प्रश्नच बोलत होत्या, आणि मीही रडायचं विसरून मधे-मधे तोंड घालत होते. मधेच म्हणाल्या, "गावात तूच जाऊन सांग. त्यांनी तुझ्या हातून घेतलं होतं."

हे मात्र जड होतं. निम्म्या माणसांना मी आठ महिने काही नसलेली गोळी नेऊन दिली होती. आधी सांगून दिली होती, तरी. चाळिसांपैकी एकानं जरी म्हटलं, बाईनं फसवलं, तर त्या दारात परत कशी उभी राहू?

दूध संस्थेच्या ओट्यावर दोघेही होते. आक्काही दूध घालून निघता-निघता थांबल्या. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. पांढरं झाकण खरं, निळं कोरं. पैलवान पांढरे. आबा निळे. आणि शिरांत काही फरक नाही, दोघांच्याही.

आबांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"म्हंजी आठ म्हैनं मी खडू खाल्ला?"

"व्हय आबा," मी म्हणाले. जी म्हणायचं सुचलंच नाही.

पैलवान खोकला येईपर्यंत हसले. "आन् म्या खरी खाल्ली, तरी तुज्याच बरुबर! आरं, मग माजा खुराक गेला कुठं?"

आबांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, पलटणीत बघत असतील तसं. "तुला ठावं हुतं? दर म्हैन्याला देताना?"

"नाही आबा. मलाही नव्हतं, डॉक्टरबाईंनाही नव्हतं. लिफाफा रविवारी फोडला."

"खरं सांगतीस?"

"आवं, तिला काय इचारताय?" आक्का मधे पडल्या. "माझं कालवण खारट झाल्तं तवा ‘छान आहे जी’ म्हणताना घाम फुटला हुता तिला. आठ म्हैनं खोटं पोटात ठिवंल व्हय ती?"

आबा गालातल्या गालात हसले. मग घसा साफ केला. "डाक्टरणीला सांग. म्होरल्या बारीला जे काय तपासायचं आसंल, त्यात पयलं नाव माझं लिव्ह."

"पयलं माझं," पैलवान म्हणाले. "माझी लाट पयली आल्ती."

"तुजी लाट पयली आली म्हंजी तू पयला म्हातारा झालास, गड्या. हिनंच सांगितलंय."

"आरं जा! लाट म्हंजी लाट!"

मी पिशवीतून वही काढून कोरं पान उघडलं, पेनचं टोपण काढलं, आणि ओट्यावर टेकले. दोघांचं काही मिटत नव्हतं. आक्का म्हणाल्या, "बस निवांत. हे आता दुपारपतुर चालतंय."